बाइंडरकाकांच्या संगणकातला एप्रिल

बाइंडरकाका मला डॉक्टर म्हणायचे. मी संगणक दुरुस्त करणारा माणूस. पाठीला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि चार सीड्या, एवढाच माझा दवाखाना. पण काकांचं म्हणणं, "व्हायरस काढतोस ना? मग डॉक्टरच." गंमत अशी की त्यांच्या घरी खरा डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्याला ते नुसतं "साहेब" म्हणायचे. साहेबांनी काकूंना सहा महिने दिले होते. हृदय वाढलं होतं, पावलं सुजून जोडे बसेनासे झाले होते. आणि काकूंची एकच मागणी होती, की परदेशात नर्स असलेली त्यांची मुलगी एकदा डोळ्यांना दिसावी. ती दिसली नाही. त्यात माझा वाटा किती, ते मी आता काहीही न लपवता सांगणार आहे.

काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक जाड पडदा, पडद्यामागे काकूंची खाट. पुढे कापायचं यंत्र, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं, आणि स्क्रूने आवळायचा एक लाकडी दाब, त्यात कायम कुणाची ना कुणाची वही अडकलेली. कचेऱ्यांच्या जाड वह्या, ग्रंथालयातली पानं सुटलेली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं त्यांच्याकडे यायचं. काका बोटाने पान चाचपून कागदाची जात सांगायचे. शिलाई अशी की पुस्तक पायाखाली तुडवलं तरी पान हलणार नाही. विद्यार्थी शेवटच्या दिवशी घामाघूम होऊन यायचे आणि काका त्यांना शांतपणे सांगायचे, "खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, तुझा मार्गदर्शक माझा साहेब नाही." मी त्यांच्यावर जीव टाकायचो तो या असल्या बोलण्यामुळे.

मुलगी गेली तेव्हा बापलेकीत वाजलं होतं. काकांना तिनं जायला नको होतं. गेल्यावर पहिल्याच फोनवर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गेलीस ना? मग आता तिथलीच हो." माणूस रागात बोलतो आणि विसरतो. ऐकणारा विसरत नाही. त्या दिवसापासून फोन बंद. तीन वर्षं फक्त मेल यायचे, तेही "प्रिय आई" असं लिहून. काकूंना संगणकाचं काही कळत नव्हतं, म्हणून काका दर रविवारी पडद्याच्या तोंडाशी खुर्ची ओढून मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यात मधेच यायचं, "बाबांना सांग, खोकल्याचं औषध अर्ध्यात सोडू नका." हेसुद्धा काका तशाच सपाट आवाजात वाचायचे, जणू बाबा म्हणजे शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी. काकू आतून म्हणायच्या, "ऐकलंत का?" काका म्हणायचे, "वाचतोय मी."

आजाराचं पोरीला कळवायचं नाही, ही काकूंची सक्त ताकीद होती. "तिकडे एकटी आहे. रडेल कुणाजवळ?" म्हणायच्या. एप्रिलच्या बारा तारखेला तिचा करार संपत होता. तोवर आपण तग धरू, असा त्यांचा हिशेब होता आणि साहेबांचा नव्हता.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला, शुक्रवारी, काकांचा निरोप आला. संगणकावर लाल पट्टी आली होती. अँटिव्हायरस सांगत होता की व्हायरसची यादी फार जुनी झाली आहे, तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब अपडेट करा. यादी म्हणजे कुठल्या व्हायरसला कसं ओळखायचं त्याची नोंद. ती रोज ताजी करावी लागते. यात काय मोठंसं, असं म्हणत मी गेलो, बटण दाबलं, यादी उतरली, "अपडेट यशस्वी" असं झळकलं. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि लाल पट्टी पुन्हा हजर.

"डॉक्टर," काका म्हणाले, "रोगी औषध घेऊन लगेच ओकला."

मी पुन्हा अपडेट केलं. पुन्हा यशस्वी, पुन्हा लाल. आता माझा स्वभाव सांगतो. मला यंत्राने खोटं पाडलं की मी चिडतो, आणि चिडलो की मला फक्त यंत्र दिसतं, खोली दिसत नाही. मी अँटिव्हायरस काढून टाकला, नवा घातला. तो घातल्या घातल्या बोंबलला. मग मी ठरवूनच टाकलं की एखादा पाजी व्हायरस आत बसलाय आणि तोच यादी खराब करतोय. तसे व्हायरस असतात. त्यामुळे माझ्या हुशारीला पुरावाही मिळाल्यासारखा झाला.

सोमवारी पुन्हा गेलो. काका म्हणाले, "मेल उघडायला गेलो तर भलतंच पान येतंय." बघितलं तर मेलच्या पानाऐवजी इशारा होता, की या जागेच्या ओळखपत्राची मुदत संपलेली आहे, पुढे जाणं धोक्याचं आहे. मला तर हर्षच झाला. बघा, म्हटलं, मी सांगत नव्हतो? कुणीतरी खोटं पान पुढे करून तुमचा पासवर्ड चोरायला बघतंय. "काका, हे पान अजिबात उघडायचं नाही. मी साफ करून देईपर्यंत मेलला हात लावायचा नाही."

"रविवारचं वाचायचं राहिलं. ती आतून विचारतेय," काका म्हणाले.

"आठवडाभर थांबा म्हणावं. पळून जातायत का मेल?"

हे मी बोललो. जसंच्या तसं सांगतोय.

काका माझं ऐकायचे. त्यांच्या कामात कुणी नाक खुपसलेलं त्यांना चालत नसे, म्हणून दुसऱ्याच्या कामात तेही खुपसत नसत. खळ वाळेपर्यंत पुस्तक उघडू नका, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक ऐकायचं. मी मेल उघडू नका म्हटलं आणि त्यांनी ते ऐकलं. मी बुधवारी गेलो, शुक्रवारी गेलो, नेटची वायर काढून ठेवली, यादी दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणून घातली. लाल पट्टी काही हलेना. एकदा तर मी खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघितलं, कारण वेळ चुकली की अँटिव्हायरस असा बावचळतो हे मला माहीत होतं. मिनिटाला मिनिट बरोबर. मी समाधानानं मान हलवली. त्या काळच्या संगणकात कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची. तारीख बघायची तर बाण त्या वेळेवर नेऊन क्षणभर थांबावं लागायचं. मला तो क्षण झाला नाही.

विसाव्या तारखेला, सोमवारी दुपारी, मी हार मानून सगळं पुसून नव्यानं भरायचं ठरवलं. त्याआधी काकांच्या फायली बाजूला काढून ठेवत होतो. कोणती ताजी, कोणती जुनी हे कळावं म्हणून तारखेनुसार लावल्या, तर सगळ्यात वर काकांनी आदल्या दिवशी टाइप केलेली एका प्रबंधाच्या मुखपृष्ठाची पाटी होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, बावीस एप्रिल, पुढचं वर्ष.

मी बाण घड्याळावर नेऊन थांबवला. तेवीस एप्रिल.

संगणकाच्या मते एप्रिल उलटत आला होता, म्हणजे आज उतरवलेली ताजी यादीसुद्धा त्याला पाच महिन्यांची शिळी वाटत होती. मेलच्या पानाचं ओळखपत्र एप्रिलच्या आधी संपणार होतं, म्हणून त्याच्या लेखी ते संपलेलं होतं. अँटिव्हायरसचा परवाना मात्र पुढच्या वर्षअखेरपर्यंतचा होता, नाहीतर तो संपल्याचा निरोप येऊन माझी ट्यूब पेटली असती. व्हायरस नव्हता. चोर नव्हता. काहीच नव्हतं.

"काका, तारीख कुणी बदलली?"

"मी कशाला बदलू?"

"घड्याळाला हात लावला होता का?"

काका थोडं ओशाळले. भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरला संपत होतं आणि त्यांना पुढच्या वर्षीची बारा एप्रिल बघायची होती. कुठला वार येतो, प्रबंधांच्या गर्दीत येतो का, दुकान बंद ठेवता येईल का. कुणा विद्यार्थ्यानं त्यांना दाखवलं होतं की घड्याळावर दोनदा टिचकी मारली की कॅलेंडर उघडतं. त्यांनी एप्रिल काढला, बारा तारखेवर टिचकी मारली, गुरुवार निघाला. मग खाली दोन बटणं होती.

"ओके दाबलंत?"

"मग काय दाबणार?"

"कॅन्सल. नुसतं बघायचं असलं की कॅन्सल दाबून बाहेर यायचं."

"पोरीच्या यायची तारीख होती ती," काका म्हणाले. "त्याच्यावर कॅन्सल कसं दाबायचं?"

मी बाण पुन्हा घड्याळावर नेला.

मी नोव्हेंबर लावला. लाल पट्टी जागच्या जागी हिरवी झाली. दहा दिवस मी जिच्याशी झटत होतो ती गोष्ट दहा सेकंदांत सुटली. वायर जोडली, मेल उघडला. नवं पत्र एकच होतं, अकरा तारखेचं. त्याची सुरुवात "प्रिय आई" नव्हती. "बाबा," असं लिहिलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

काका चष्मा पुसून मनातल्या मनात वाचायला लागले. मी उठायला हवं होतं, उठलो नाही. तिनं लिहिलं होतं की इस्पितळ नवा तीन वर्षांचा करार पुढे करतंय. नको म्हटलं तर साठलेली रजा धरून पुढच्याच महिन्यात मोकळं करतात. मला घरी यावंसं वाटतंय, पण तुम्ही बोलवल्याशिवाय येणार नाही. फोन करत नाही, फोनवर आपलं भांडण होतं. नुसतं "ये" एवढं लिहा. अठरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत मी वाट बघीन. तुमचं काही आलं नाही तर मी समजेन.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस तारीख होती.

काकांनी तिच्या वसतिगृहाचा नंबर फिरवला. तीन वर्षांनी फिरवला, पण पाठ होता. फोन वाजत राहिला. मग त्यांनी एका बोटानं मेल लिहिला. ये. संगणक बिघडला होता, तुझं पत्र आज वाचलं. आईला बरं नाही, फार बरं नाही. ये. पडद्यामागून काकूंनी विचारलं, "आलं का हो पोरीचं पत्र?" आणि काका म्हणाले, "आलंय. वाचतोय."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती शनिवारी पाच वाजेपर्यंत थांबली होती, मग सही केली होती. नव्या करारात पहिलं वर्ष रजा नव्हती. घरात कुणी गेलं तरच पाच दिवस. आईचं ऐकून ती कचेरीत जाऊन रडली, पाया पडली, पण तिचं पारपत्र त्यांच्या कपाटात होतं आणि कागदावर तिची सही होती. शेवटी तिनं लिहिलं होतं, "संगणक बिघडला होता म्हणता. ठीक आहे." त्या "ठीक आहे"चा अर्थ मला कळला आणि काकांना माझ्याआधी कळला. बिघडलेल्या यंत्राचं कारण कोण कुणाला सांगत नाही? तीन वर्षं न बोललेला बाप तर सांगणारच.

मी काकांना म्हटलं, "मी लिहितो तिला. माझी चूक आहे, सगळं नीट समजावून सांगतो. तारीख कशी बदलली तेही सांगतो."

"ते सांगायचं नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तारखेचं तिला कधी कळता कामा नये. तिला वाटेल, माझी वाट बघत होते म्हणून हे झालं. जन्मभर उरावर घेऊन फिरेल. माझ्यावर रागावू दे. राग परवडतो."

त्या रविवारी मी तिथेच होतो. काकांनी खुर्ची पडद्याशी ओढली, स्क्रीनवर काहीही उघडलेलं नसलेल्या संगणकाकडे तोंड केलं आणि "प्रिय आई" म्हणून वाचायला सुरुवात केली. थंडी फार आहे, जाड मोजे घेतले. बारा एप्रिलला गुरुवार येतो, त्या दिवशी पोचते. मधेच न थांबता, त्याच सपाट आवाजात वाचलं, "बाबांना सांग, माझा राग गेलाय." आतून काकू म्हणाल्या, "ऐकलंत का?" काकांना या वेळी "वाचतोय मी" म्हणता आलं नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत दर रविवारी पत्र वाचलं गेलं. मी शक्यतो त्या वेळी जात नसे. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. एकोणीस मार्चला, सोमवारी सकाळी, काकू गेल्या. आदल्या आठवड्यात त्यांनी पडद्याच्या या बाजूला मुलीसाठी जागा करून घेतली होती, दाब एका अंगाला सरकवायला लावला होता. साहेबांनी दिलेल्या सहा महिन्यांपेक्षा त्या थोड्या कमीच जगल्या, पण ती येणार याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. याला सुख म्हणायचं की फसवणूक, ते मी ठरवू शकत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या बाईला तिची पोर महिनोन् महिने डोळ्यांसमोर मिळाली असती आणि मिळाली नाही.

मुलगी त्याच आठवड्यात गुरुवारी पोचली. पाच दिवसांसाठी. मी चौथ्या दिवशी गेलो. काका कापायच्या यंत्रापाशी बसले होते, ती दाराशी. दोघांमध्ये एवढीशी खोली होती आणि तीन दिवसांत त्यांच्यात तीन वाक्यं झाली नव्हती. मला बघून ती बाहेर आली. उंच, थकलेली, काकांसारखीच कपाळावर एक उभी आठी.

"तुम्ही संगणकवाले ना?" तिनं विचारलं. "मला खरं सांगा. खरंच बिघडला होता, का बाबांनी पत्र वाचून ठेवून दिलं होतं?"

"बिघडला होता."

"म्हणजे काय झालं होतं?"

"तारीख चुकली होती. त्यामुळे अँटिव्हायरस खोटं बोलत होता आणि मेल उघडत नव्हता. ते मेल उघडायला बघत होते, मीच उघडू दिला नाही. चोरी होईल म्हणालो."

ती नर्स होती. लक्षण सांगितलं की कारण विचारायची सवय होती तिला. "तारीख अशीच कशी चुकेल? कुणीतरी बदलली असेल ना?"

खिडकीतून काका दिसत होते. त्यांनी काम थांबवलं होतं पण मान वर केली नव्हती. मला तिला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं, की तुझा बाप तुझ्या यायचा वार शोधत होता आणि तुझ्या तारखेवर त्याला कॅन्सल दाबवलं नाही. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तिला तिचा बाप कोण आहे ते कळलं असतं. आणि तेच वाक्य ती सोबत घेऊन विमानात बसली असती.

"मी बदलली," मी म्हणालो. "दुरुस्त करायला आलो होतो, माझ्या हातून एप्रिल पडला. लक्षातच आलं नाही."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती वळली, आत गेली आणि काकांच्या पायाशी जमिनीवर बसली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खळ लागलेली होती, ती तिच्या केसांना लागली. मग दोघं रडायला लागले, आधी ती, मग काका, मोठ्यानं, कुणी बघतंय याची पर्वा न करता. मी पिशवी उचलून निघालो.

ती करार संपवून परत आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काकांच्या शेवटच्या दुखण्यात तीच त्यांच्या उशाशी होती. काका गेल्यावर दुकान तिनं तसंच ठेवलंय, स्वतः इस्पितळात जाते. कधी रस्त्यात समोर आली तर ती मला बघून दुसऱ्या बाजूने जाते, आणि मी तिला जाऊ देतो.